वीस मिनिटं झोपू द्या, बाकी मी बघते

"रात्री मोबाईल बाजूला ठेव, तोंडावर पाणी मार, कडक चहा घे." मला नार्कोलेप्सी आहे, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, असं सांगितलं की हे तीन सल्ले ठरलेले. मग चौथा माणूस हसत म्हणतो, "मजा आहे बाबा, आम्हाला तर झोपच येत नाही!"

अहो, रात्री मलाही धड झोप लागत नाही. सारखी मोडते. जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन मेंदूतल्या ज्या मूठभर पेशी बनवतात, त्या माझ्यासारख्यांच्यात जवळजवळ संपलेल्या असतात. हे रसायन १९९८ मध्ये सापडलं, तोवर डॉक्टरांनाही मूळ कारण ठाऊक नव्हतं. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीत अशी किती माणसं 'आळशी' म्हणवून घेत गेली असतील, देव जाणे.

झोपेपेक्षा विचित्र प्रकार म्हणजे कॅटाप्लेक्सी. खळखळून हसू आलं की अंगातला जोरच जातो. चुलतभावाच्या हळदीत कुणीतरी नवऱ्यामुलाची नक्कल केली आणि माझे गुडघे दुमडले, हातातली वाटी सुटली, मान लटकली. शुद्ध पूर्ण होती. "फिट आली, फिट आली" करत एका काकांनी चप्पल नाकाला लावली. वास येत होता, पण नको म्हणायला जीभ हलेना. तेव्हापासून घरचे माझ्यासमोर विनोद सांगताना आधी "बस खाली" म्हणतात. झोपेतून जाग आल्यावर हात-पाय हलत नाहीत, खोलीत कुणीतरी उभं दिसतं, तेही याच आजारातलं. सासूबाईंनी त्यावर मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. त्यांचा राग नाही, त्यांनी निदान खोटारडी तरी म्हटलं नाही.

निदानासाठी रात्रभर डोक्याला तारा चिकटवून झोपवतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पुन्हा झोपायला सांगतात, असं पाच वेळा. सरासरी आठ मिनिटांच्या आत डोळा लागतो का आणि स्वप्नांची झोप लगेच सुरू होते का, ते बघतात. एरवी ती यायला तासभर तरी जातो. औषध आहे, मोडाफिनिल. त्याने आजार जात नाही, दिवस सुसह्य होतो. बायकांनो, या गोळीमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

गोळीइतकीच उपयोगी पडते दुपारची ठरवून घेतलेली डुलकी. पंधरा-वीस मिनिटं, बस. आणि नेमकी तीच मिळत नाही. माझ्या आधीच्या ऑफिसात सिगरेटवाले दिवसातून चार वेळा खाली टपरीवर जायचे, कुणाच्या कपाळावर आठी नाही. मी जेवणानंतर टेबलावर डोकं टेकलं तर "घरी काम फार असतं का हो?" एचआरकडे गेले तर सर्टिफिकेट मागितलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत, त्यात नार्कोलेप्सी हे नाव नाही. मग कसलं सर्टिफिकेट आणू? सवलत नकोय मला. त्या वीस मिनिटांनंतर माझा ताळेबंद बिनचूक जुळतो, डुलकी न घेता त्याच एन्ट्रीवर तासभर डोळे ताणत बसते. कंपनीने आपला फायदा बघावा, एवढंच म्हणणं आहे.

आणि हो, कधी तुमच्यासमोर हसता हसता कोसळलेच तर डोकं आपटू देऊ नका, तोंडात काही कोंबू नका, कांदा-चप्पल लांब ठेवा. एक-दोन मिनिटांत उठते मी. तोवर सगळं ऐकू येत असतं, तेव्हा "नाटकं करते" हे जरा पलीकडे जाऊन म्हणा.