गुरगुरणाऱ्या कुत्र्याला फटका देऊ नका

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय. शेपूट हलवणारा कुत्रा चावत नाही, भुंकणारा तर नाहीच. गुरगुरला की नाकावर फटका द्या, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. आणि तरी जपून राहा, कारण ही जात न सांगता उलटते. घरात लहान मुलं असलेली माणसंही हे पुढे पाठवताहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी शेपूट. ती हलतेय म्हणजे कुत्र्याचं मन खळबळलंय, एवढंच. कमरेसकट अख्खं अंग लवतं ती सैल शेपूट वेगळी आणि ताठ उभी राहून शेंड्याशी थरथरते ती वेगळी. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये 30 कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकायची, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे.

भुंकण्याची म्हण माणसांसाठी आहे. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला पळायला वाट उरली नाही, तर तो चावतो.

खरा घात फटक्याच्या सल्ल्यात आहे. 'मालक कोण ते दाखवा' याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या लांडग्यांवरच्या 1947 च्या निरीक्षणांत आहे, आणि ते लांडगे बंदिस्त होते. जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये लिहिलं. घरातला कुत्रा सत्तेसाठी गुरगुरत नाही. त्याचा कान ठणकत असेल, पुढ्यात हाडूक असेल, भीती वाटत असेल. 'लांब राहा' एवढंच तो सांगतो. फटका दिला की सांगणं थांबतं, ठणका तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्याच्या वागण्याची तक्रार घेऊन आलेल्या मालकांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्यांपैकी 43 टक्के जणांवर कुत्रा उलट अंगावर आला होता.

राहिलं 'न सांगता उलटणं'. गेल्या महिन्यात मावसबहिणीने कौतुकाने व्हिडिओ पाठवला. तिचा तीन वर्षांचा मुलगा त्यांच्या लॅब्राडोरच्या गळ्यात पडलाय, मागून कोणीतरी म्हणतंय, "किती सोसतो बघा!" मी तो तीनदा पाहिला. कुत्र्याने तोंड फिरवलं. नाक चाटलं. झोप नसताना जांभई दिली. कान मागे गेले, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. मग तो निश्चल झाला, तोंड मिटलेलं. त्या निश्चल होण्यालाच सगळे 'सोसणं' म्हणत होते. गुरगुरण्याच्या आधीची एवढी सगळी बोलणी अर्ध्या मिनिटात झाली होती.

मी लगेच फोन केला, "ताई, आधी त्याचे हात सोडव. आणि यापुढे दोघांना एकटं सोडू नकोस." परवा मुलगा पुन्हा गळ्यात पडला, तेव्हा तिने हळूच त्याचे हात सोडवले. कुत्रा उठला, ओला झाल्यासारखं अंग झाडलं आणि कॉटखाली जाऊन निजला.