शेवंताकाकूच्या नवऱ्याचं नक्की काय झालं?

नमस्कार. माझ्या पिंपरखिंड गावच्या सगळ्या कथा सलग वाचून इतकं मुद्देसूद पत्र कुणी लिहीत नाही, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: 'मनीऑर्डर'मध्ये शेवंताकाकूचा नवरा गिरणी संपात बेपत्ता होतो, 'मुक्कामी गाडी'त तिची जाऊ छातीठोक सांगते की त्यानं लालबागला दुसरा संसार थाटलाय, म्हणजे लेखकालाच मागचं आठवत नाही. भास्कर कंडक्टरचा शेवट आधी आणि तरुणपण नंतर, मग उत्सुकता कसली? आणि गाव तेच, माणसं तीच, तर सरळ कादंबरी का लिहीत नाही?

पहिल्या मुद्द्यावर भांडणार आहे.

लेखक विसरतात, हे खरंच. कॉनन डॉयलच्या वॉटसनला, म्हणजे शेरलॉक होम्सच्या गोष्टी सांगणाऱ्या त्याच्या मित्राला, १८८७ च्या कादंबरीत गोळी खांद्याला लागलेली असते आणि १८९० च्या कादंबरीत तीच जखम पायात उतरते. दोन्ही वेळा सांगणारा वॉटसनच. स्वतःला गोळी कुठे लागली हे माणूस विसरत नाही, म्हणजे विसरला तो डॉयल. माझ्याकडे मात्र एक गोष्ट पोस्टमन सांगतो आणि दुसरी जाऊ.

सनावळ्यांची वही मी ठेवतो आणि त्यात कुणाला सूट देत नाही. काकूचं लग्न १९७२ च्या दुष्काळातलं, वऱ्हाडानं सुकडी खाल्ली तेव्हाचं. थोरला १९७४ चा. म्हणून संप सुरू झाला त्या दिवशी, १८ जानेवारी १९८२ ला, तो दुसरीत आहे आणि किल्लारीला मदतीचा ट्रक निघाला तेव्हा एकोणीस वर्षांचा. जानेवारीची मनीऑर्डर आली, फेब्रुवारीची आली नाही. हे कुठल्याही कथेत बदलणार नाही, बदललेलं सापडलं तर जरूर कान धरा. पण मनीऑर्डर का थांबली, हे ज्याचं त्यानं सांगायचं. तिथे मी तोंड घालत नाही.

आणि जाऊ उगीच बोलत नाही. 'मुक्कामी गाडी' १९९० मध्ये घडते, ते पुन्हा एकदा बघा. ज्यांना खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, तर कायदा त्याला मेलेला धरू शकतो आणि तो जिवंत आहे हे दाखवण्याचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर येतं. म्हणजे काकूनं आता कोर्टाची पायरी चढली, तर वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचं आणि पोरांचं नाव लागण्याचा रस्ता उघडतो. विहिरीकडचा तुकडा अजून दोन्ही भावांत सामाईक आहे आणि कसतोय धाकटा दीर. अशा वेळी 'भावजी लालबागला सुखात हायेत, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं' हे वाक्य एसटी स्टँडवर, चार माणसांत, मोठ्यांदा का बोललं जातं? ती खोटं बोलतेय असंही मी म्हणत नाही. कदाचित तिनं खरंच कुणाला तरी पाहिलं असेल. काकूची गोची वेगळीच आहे: जमीन हवी असेल तर कुंकू पुसावं लागतं. ती रोज सकाळी सहाच्या गाडीला दूध घालायला येते, कपाळावर भलंमोठं कुंकू लावून, आणि जावेचं बोलणं ऐकून एक अक्षर बोलत नाही. तुम्हाला ते तिचं सोसणं वाटलं. मला त्यात हट्ट दिसतो. पण तुमचं वाचन चूक म्हणायचा मला काय अधिकार?

आता भास्कर. हे फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकनं फार आधी करून ठेवलंय. त्याचा रास्तिन्याक १८३१ च्या कादंबरीत मुरलेला, छानछोकी पॅरिसकर म्हणून भेटतो आणि १८३४-३५ च्या 'पेर गोरियो'त गावाकडून आलेला, खिसा फाटका विद्यार्थी म्हणून. गंमत म्हणजे हस्तलिखितात आधी त्या पोराचं नाव वेगळंच होतं, मास्सियाक. ते खोडून बाल्झाकनं जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव घातलं, आणि हे पोरगं पुढे कुठल्या थराला जाणार हे माहीत असलेला वाचक त्याला फुकट मिळाला. भास्कर तिकिटाचे सुटे पैसे प्रामाणिकपणे परत देताना तुम्ही अस्वस्थ झालात, असं तुम्हीच लिहिलंय. मग उत्सुकता गेली कुठे?

कादंबरीचं उत्तर छोटं आहे. कादंबरी लिहिली की कुणाला तरी लालबागला जाऊन शोध घ्यावा लागेल, नाहीतर तुम्हीच विचाराल, अडीचशे पानांत कुणी तिकडे गेलं कसं नाही? कथांत तशी सक्ती नाही. भास्करच्या कथेत काकू म्हणजे दुधाची किटली घेतलेली एक बाई, बस्स. त्याच्या डोक्यात निलंबनाची नोटीस आहे, तिच्या नवऱ्याशी त्याला काय देणंघेणं? अट मी एकच पाळतो, मागची कथा न वाचलेल्यालाही पुढची कळली पाहिजे. म्हणून काही ओळखी पुन्हा येतात, त्यांचा सलग वाचणाऱ्याला कंटाळा येतो, त्याला इलाज नाही.

पुढची कथा लालबागच्या खानावळवालीची आहे. तीही तिच्या सोयीचंच सांगेल. पण तिच्या वहीत काकूच्या नवऱ्याच्या नावावर एप्रिल १९८२ पर्यंतची उधारी आहे. ती तारीख पक्की धरून चाला.