खोली स्वस्त आहे, मावशी

ऑगस्टमध्ये कराडहून भाच्याचा फोन आला. जर्मनीत ग्योटिंगेनला मास्टर्सला प्रवेश मिळालेला, व्हिसा हातात, फक्त राहायला जागा नाही. "मावशी, एक खोली सापडलीय. अडीचशे युरो, वीज-वायफाय सगळं धरून. विद्यापीठ चालत दहा मिनिटं. पण जाहिरातीत लिहिलंय, फक्त पुरुष विद्यार्थी. आणि फोटोत भिंतीवर तलवारी दिसतायत. घेऊ का?"

तशाच खोलीला इथे बाहेर चारशे पडतात, तेही मिळाली तर. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीतले भारतीय विद्यार्थी 49 हजारांच्या वर गेले. परदेशी विद्यार्थ्यांत आता आपलीच मुलं सर्वांत जास्त आहेत. त्यांतली कितीतरी पहिला महिना कुणाच्या तरी सोफ्यावर काढतात. त्यामुळे "नको घेऊस" असं घरबसल्या सांगून टाकणं मला जमेना. म्हटलं, आधी मी बघून येते.

ते घर एका फेर्बिंडुंगचं होतं. फेर्बिंडुंग म्हणजे विद्यार्थ्यांची संघटना, पण आपल्याकडच्या विद्यार्थी संघटनांसारखी कुठल्या पक्षाची शाखा नव्हे. इथे एकदा आत आलं की मरेपर्यंत सभासद. नवा मुलगा फुक्स, म्हणजे कोल्हा. तो एका सीनियरला आपला लाइबबुर्श, म्हणजे पाठीराखा, म्हणून निवडतो. काही काळाने परीक्षा आणि मतदान होऊन तो बुर्श, म्हणजे पूर्ण सभासद, होतो. शिक्षण संपलं की आल्टर हेर, म्हणजे म्हातारे गृहस्थ, मग वय सव्वीस का असेना. आणि हे म्हातारे गृहस्थ दरवर्षी वर्गणी देतात. घर त्यांच्याच मंडळाच्या मालकीचं असतं, खोलीचं भाडं कमी असतं ते त्यामुळे. शिकणाऱ्याचं ओझं शिकून गेलेल्याने उचलायचं, हा नियम मला मनापासून आवडला. आवडला हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं वाचून मी या लोकांवर नुसती रागावलेय असं वाटायला नको.

छातीवर तिरका तीन रंगांचा पट्टा लावलेल्या एका मुलाने मला घर दाखवलं. खाली लांबलचक टेबलाचा हॉल. त्यांची बैठक, म्हणजे क्नायपे, तिथेच होते. गाणी, भाषणं, बिअर, आणि कुणी कधी उठायचं, कधी बोलायचं याचे ठरलेले नियम. टेबलावर गाण्यांची जाडजूड पुस्तकं रचलेली. एक उचललं तर पुठ्ठ्याला पितळेचे मोठे टपोरे खिळे. मुलगा म्हणाला, टेबलावर बिअर सांडते, खिळ्यांमुळे पुस्तक वर राहतं, भिजत नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीन पिढ्यांची नावं होती, आजोबा, वडील आणि तो. मला आमच्या घरातली ज्ञानेश्वरी आठवली, तिच्याही पहिल्या पानावर अशीच नावं आहेत.

तळघरात तलवारबाजीची जागा. याला मेन्झुअर म्हणतात. दोघांचं भांडण नसतं. दोन संघटना आपापल्या तोलामोलाचा एकेक गडी उभा करतात. अंतर मोजून ठरवलेलं, मागे सरायचं नाही, डोकं चुकवायचं नाही. डोळ्यांवर लोखंडी चष्मा, गळ्याला आणि हाताला जाड कवच, पण गाल आणि टाळू उघडी, आणि पातं धारदार. शेजारी डॉक्टर टाके घालायला हजर. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. जो डगमगला त्याचंच तेवढं चुकलं. एके काळी गालावरचा व्रण, श्मिस, ही शिकलेल्या माणसाची खूण समजत. बिस्मार्क 1832 मध्ये याच गावात शिकायला आला तेव्हा अशाच एका संघटनेत होता. 1953 साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दोघांच्या संमतीने होणारी ही लढत गुन्हा नाही. म्हणून ती आजही चालते. सगळ्यांकडे नव्हे, कॅथलिक संघटना तर पहिल्यापासून तलवारीला हात लावत नाहीत.

भीती काबूत ठेवायला शिकवतो, असं तो मुलगा म्हणाला. त्याचा आवाज प्रामाणिक होता. पण विशीतल्या पोराचा गाल फाडून शिकवलेलं धैर्य मला मान्य नाही, आणि हे मी त्याला तिथेच सांगितलं.

मी त्याला विचारलं, माझी मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल, तिला इथे खोली मिळेल? तो अवघडला. म्हणाला, पाहुणी म्हणून समारंभाला जरूर यावं. प्रशियाच्या विद्यापीठांनी मुलींना रीतसर प्रवेश दिला 1908 साली. त्यानंतर एवढी वर्षं गेली, तरी बहुतेक घरांच्या दारावर अजून "फक्त पुरुष". मुलींनी आता स्वतःच्या संघटना काढल्यात, पट्टे, गाणी, बैठका सगळं तसंच, फक्त तलवार नाही. त्यांच्यातल्या शिकून गेलेल्या बायकांना होहे दामे म्हणतात, थोर बाई. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्गणीतून उभी राहिलेली असली घरं मात्र क्वचितच. पैसा आणि इमारत आधीच्यांच्या हातात राहते, ती अशी.

या संघटनांतल्या एका मोठ्या गटाचा, बुर्शनशाफ्टांचा, जन्म आठवला की मला जास्त वाईट वाटतं. 12 जून 1815 ला येना गावात पहिली बुर्शनशाफ्ट स्थापन झाली. नेपोलियनशी लढून आलेली मुलं ती. छोट्या छोट्या संस्थानांत तुकडे झालेला देश एक करायचा, राजांकडून स्वातंत्र्य घ्यायचं, हे त्यांचं स्वप्न. आजच्या जर्मन झेंड्यातले काळा, लाल, सोनेरी हे रंग त्यांच्यामुळे रुजले. पण दोनच वर्षांनी, 1817 मध्ये, वार्टबुर्गच्या मेळाव्यात त्यांच्यातल्याच काहींनी "जर्मन नसलेली" म्हणून पुस्तकं जाळली. पुढे ज्यू मुलांना दारं बंद होत गेली, म्हणून 1886 मध्ये ब्रेस्लाऊच्या ज्यू विद्यार्थ्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, वियाड्रिना. नाझींनी सगळ्याच संघटना गुंडाळल्या. युद्धानंतर, पन्नाशीच्या दशकात, त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आणि 2011 मध्ये बुर्शनशाफ्टांच्या मोठ्या महासंघात एक ठराव आला. मानहाइमच्या एका शाखेने घेतलेला मुलगा जर्मनीत जन्मलेला, जर्मन नागरिक, पण आईवडील चिनी, तेव्हा त्या शाखेलाच काढा. देशभर ओरड झाली, ठराव मागे घेतला गेला. नंतरच्या वर्षांत कितीतरी शाखा त्या महासंघातून बाहेर पडल्या. इतर बऱ्याच संघटना आज देश-धर्म विचारत नाहीत, हेही खरं. पण स्वातंत्र्यासाठी जमलेल्या मुलांचे वारस दोनशे वर्षांनी रक्त विचारायला लागले. आपल्या इरावतीबाई कर्वे याच देशात, बर्लिनला, 1930 मध्ये डॉक्टरेट करून गेल्या. गाइडच्या अपेक्षेविरुद्ध त्यांनी कवट्या मोजून दाखवून दिलं होतं की कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही.

हे सगळं डोक्यात असताना घरच्या ग्रुपवर वेगळाच वाद पेटला होता. जिल्ह्याजिल्ह्यात ओबीसी मुलांची वसतिगृहं, मराठा मुलांना वसतिगृह आणि निर्वाह भत्ता, समाजकल्याणची वेगळी, आदिवासी विभागाची वेगळी. एका मामांनी लिहिलं, "शिकायला जाताय की जात मोजायला? बंद करा सगळी." धाकट्या चुलतभावाने उत्तर दिलं, "मामा, पुण्यात खोली बघताना मला घरमालकाने आधी आडनाव विचारलं. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

मी चुलतभावाच्या बाजूने आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली ती हौसेने नव्हे. सगळ्यांसाठी म्हणून जे वसतिगृह होतं, तिथे बहुजनांच्या मुलांना जागाच मिळेना. ब्रेस्लाऊच्या मुलांनी जे केलं तेच. दार बंद असेल तर माणूस आपलं दार बांधतो, त्याला नावं ठेवण्याचा अधिकार दार बंद करणाऱ्याला नाही.

पण मामांचं बोलणंही मी सोडून देऊ शकत नाही, आणि त्याचं कारण भाऊराव पाटील आहेत. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, त्याच्या कार्यक्रमाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. ते नाही म्हणाले, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. गरजेपोटी बांधलेल्या घरानेच सोवळं पाळायला सुरुवात केली होती. त्याच माणसाने पुढे साताऱ्यात असं बोर्डिंग काढलं जिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. 1927 मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिलं. म्हणून सरकारने वसतिगृहं बंद करू नयेत, प्रत्येकात इतरांसाठीच्या जागा वाढवाव्यात. समाजकल्याणच्या वसतिगृहांत थोड्या असतातच, त्या थोड्या का राहाव्यात?

भाच्याने ती खोली तीन महिन्यांसाठी घेतली, भाडेकरू म्हणून, पट्टा न लावता. नंतर त्याला विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली. निघायच्या आधी एका संध्याकाळी तिथल्या एका आल्टर हेरशी, निवृत्त न्यायाधीशाशी, त्याच्या गप्पा झाल्या. भाचा स्वतः साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात राहून शिकलेला, त्याने भाऊरावांची सगळी गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याने डाव्या गालावरचा व्रण चोळत नीट ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं, "तिथून शिकून गेलेले तुम्ही लोक दरवर्षी किती देता?"

भाचा त्या रात्री मला फोनवर म्हणाला, "मावशी, मी पाच वर्षांत एक रुपया दिला नाही गं."

आता जर्मनीतले पाच जण मिळून दर महिन्याला प्रत्येकी वीस युरो पाठवतात, एका विद्यार्थ्याच्या मेसच्या खर्चाला. त्यांत दोन मुली आहेत. वसतिगृहाच्या रेक्टर सरांना त्यांनी कळवलंय, मुलगा कोण ते तुम्ही ठरवा, गरज बघून ठरवा, त्याचे मार्क आम्हाला कळवा. आडनाव कळवलं नाही तरी चालेल.