आ कर बरं

घात केला तो रोडग्यानं. आमच्या आर्वीकडे देवाचं जेवण म्हटलं की शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात, सोबत वांग्याची भाजी. रोडगा कुस्करून तुपात भिजवून खायचा असतो. पण तूप वाढणारा पंगतीच्या त्या टोकाला सुरू झाला आणि माझ्या टोकाला येईस्तोवर भांडं खरवडत होता. कोरडा रोडगा टाळू सोलून गेला. रात्री जीभ त्या जखमेकडे वळली आणि लक्षात आलं, टाळूच्या अगदी मधोमध एक टणक उंचवटा आहे. दाबला तर हलत नाही, दुखतही नाही. दुखतं ते फक्त वरचं सोललेलं कातडं.

जिभेला असं काही सापडलं की ती बाकीची कामं सोडून देते. फवारणीचा पंप भरताना जीभ तिथंच, बँकेच्या रांगेतही तिथंच. शेवटी बायकोनं विचारलं, "दिवसभर काय चघळून राहिले?" तिला सांगितलं, ती जावेशी बोलली, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यापुढून जाताना मला हाक आली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू, खात नाही. साधी सुपारीही नाही. आमच्या गावात हे संशयास्पद वागणं समजलं जातं. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली. खर्रा त्यात बसतो की नाही यावर ठेल्यावर अजून चर्चा चालते, आणि ती चालू असताना पन्नी घोटणाऱ्याचा हात काही थांबत नाही.

"आ कर बरं," ठेलेवाल्यानं मोबाइलचा टॉर्च लावला. खर्रा खाऊन खाऊन ज्यांच्या स्वतःच्या तोंडात चमचा आडवा जात नाही, अशी मंडळी माझ्या तोंडात डोकावू लागली.

"बंद कर बावा खर्रा."

"मी खातच नाही ना!"

"मंग त अजूनच बेकार. खाणाऱ्याले कारण तरी असते."

एका काकाजींच्या मते ती वाट चुकलेली अक्कलदाढ होती. दुसऱ्यांच्या साळ्याला अस्संच झालं होतं. "मंग?" मी विचारलं. "मंग काय, गेला बिचारा," असं म्हणून त्यांनी मला धीर दिला आणि बाजूला जाऊन थुंकून आले.

मावसभावाच्या गाडीवर तालुक्याचा दातांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हातमोजा घातला, अंगठ्यानं टाळू दाबला आणि चक्क हसले. "टोरस पॅलाटिनस. हाड आहे. तुमचंच आहे." मग सांगितलं की काही जणांचं टाळूचं हाड मधल्या रेषेवर हळूहळू वाढतं. हे इतकं सावकाश चालतं की तिशी-चाळिशीपर्यंत पत्ता लागत नाही. काहींना खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूनंही असे उंचवटे येतात, बहुधा दोन्हीकडे. घराण्यात चालतं, रात्री दात खाणं, चावण्याचा जोर, याचाही हात असावा म्हणतात. कॅन्सरशी याचा संबंध नाही. त्यावरचं कातडं मात्र पातळ असतं, म्हणून कडक खाल्लं की सोलतं आणि भरायला वेळ लागतो. सारखी जखम होत असेल, बोलताना अडत असेल किंवा कवळी बसवायची असेल, तरच काढायचं.

"पण तोंड काय छान उघडता हो तुम्ही! या भागात असं तोंड पाहायलाच मिळत नाही." आणि त्यांचं लक्ष दारात उभ्या मावसभावाकडे गेलं. "तुम्ही या. तीन बोटं उभी घाला तोंडात."

दोनच गेली. त्याला खुर्चीत बसवलं, आणि डॉक्टर पुन्हा हसले नाहीत.

"नंबर त याचा होता साहेब," तो खुर्चीतून म्हणत होता, "मले कायले पाहता?"

घरी आई वाट पाहत बसली होती.

"काय औषध देल्लं?"

"काहीच नाही."

"पैसे घेतले?"

"घेतले."

"मंग कायचा डॉक्टर तो!"

मी म्हणालो, अगं, हे घराण्यात चालतं, आणि टाळूवरचं तर बायांमध्ये जास्त असतं. तशी ती सहज बोलली, "हे व्हय? हे त माया तोंडात लग्नाच्या आधीपासून हाय."

"सांगितलं नाहीस कधी!"

"आता टाळू हाय त हाय. मले वाटलं सगळ्याइलेच असते."

टॉर्च लावून पाहिलं. माझ्यापेक्षा दुप्पट, मधोमध खाच पडलेला, भक्कम ऐवज. मामांनी आईला सातबाऱ्यावर एक गुंठा येऊ दिला नाही. ही जायदाद मात्र फेरफार न करता, तलाठ्याला न भेटता थेट माझ्यापर्यंत आली होती.

मग मला कवळी आठवली. आईनं करून घेतलेली वरची कवळी रेशनकार्डाजवळ स्टीलच्या डबीत पडून असते. घातली की मधल्यामधे डगमगते. माप घेणाऱ्यानं तेव्हा "सवय होईल" म्हणून वाटेला लावलं होतं. मी तिला समजावलं, तुझ्या या हाडावरच ती टेकते, म्हणून झुलते. त्या जागी आतून मोकळी करून द्यायला हवी होती, नाहीतर आधी हाड काढायला हवं होतं.

आई काही वेळ डबीकडे पाहत राहिली. मग उठली, लुगड्याच्या घडीतून पावती काढली आणि चपला घातल्या.

"गाडी काढ," ती म्हणाली. "आन् तो टॉर्चचा मोबाइल घे संगं."