हाव म्हणे!

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरला: ‘आठवड्याला १६ तास काम, दीड लाख पगार, मे महिनाभर सुट्टी, वर पेन्शन. तरी प्राध्यापक राजीनामे देतात. हाव, दुसरं काय!’ मी इथल्याच एका कॉलेजात शिकवतो, त्यामुळं गप्प बसवेना.

१६ तास खरे आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला वर्गावरचे तेवढेच तास आहेत. पण आठवड्याचं एकूण काम ४० तासांचं, हेही तिथंच लिहिलंय. उरलेल्या वेळात वाचन, संशोधन व्हावं ही अपेक्षा. होतं काय, ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात आम्ही कॉलेजामागं रोपं लावली. नंतर कळलं, फोटोवर अक्षांश-रेखांश उमटलेच नाहीत, आणि कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीला असा जिओटॅग फोटोच हवा. चार दिवसांनी पुन्हा तेच खड्डे, तेच पाहुणे, तोच टिकाव. एक चांगलं रुजलेलं रोप उपटून परत लावलं. ते मेलं. तेवढा वेळ माझा बी.ए. भाग दोनचा वर्ग वाट बघत बसला होता. पगारी माणूस कंटाळतो तो इथं. शिकवण्याला कंटाळलेला मला अजून भेटायचाय.

मे महिन्याचं म्हणाल तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बघायला या एकदा.

पेन्शन? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली.

पगार बरा आहे, उगाच रडगाणं गाणार नाही. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते. दीड लाखाला पोचायला मात्र वर्षं जातात. कॉम्प्युटरवाले काहीजण खरोखर पैशासाठीच पुण्याला गेले. जाऊ देत की, त्यात पाप कसलं?

पण हा सगळा हिशेब कायम नोकरीचा झाला. मेसेजवाल्याला सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व, ठाऊकच नसावं. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झालेली, पीएचडी केलेली माणसं तासावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टीत शून्य, आणि तेही महिनोन्‌महिने थकतात. माझा एक मित्र अकरा वर्षं असा शिकवत होता. दर जुलैला तीच फाईल, तीच मुलाखत. समोर बसणारे त्याला नावानं ओळखायचे, तरी ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणायचे. यंदा तो गेलाच नाही. गावाकडं भावाबरोबर ऊस बघतोय.

त्याला मेसेज दाखवला. ‘राजीनामे’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, “हे बरंय की. मला द्यायचा होता रे एकदा. पण नेमणूक एप्रिलातच संपलेली असायची, द्यायचा कुणाला?”