‘पोटभर जेवून भुकेवर लिहिणाऱ्यांना’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘कोरडवाहू’ यांस,

साहेल (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा) आणि आपली बाजरी या, कोरडवाहू देशांतल्या सहकार्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. कोरडवाहू देशांना मिळणारी मदत म्हणजे श्रीमंत देशांचं उरलंसुरलं धान्य, त्याने तिथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो. इशारे मिळूनही २०११ मध्ये सोमालियात माणसं अन्नावाचून मेली. २०२३ मध्ये शेजाऱ्यांनीच नायजरच्या सीमा बंद केल्या. धनशक्ती बाजरी संकरित नाही. आणि शेवटचं वाक्य: ‘पोटभर जेवून भुकेवर लिहिणाऱ्यांनी एकदा तरी रिकाम्या डब्यात हात घालून पाहावा.’

आधी माझी चूक. धनशक्ती हे सुधारित वाण आहे, संकरित नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. आभारी आहे.

आता ते शेवटचं वाक्य. माझं म्हणणं खोडून काढा, हवं तितकं खोडा. पण माझ्या घरातले डबे भरलेले होते की रिकामे, हे तुम्ही कुठे बसून ठरवलंत?

मी आष्टी तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात नऊ वर्षांचा होतो. आमच्याकडे डबे नव्हते, कणगी होती, आणि त्या वर्षी दिवाळीच्या आधीच तिच्या तळाला हात लागला. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. रेशनवर लाल मिलो मिळायची, म्हणजे परदेशी ज्वारी. उकळत्या पाण्यात पीठ मळलं तरी तिची भाकरी थापताना परातीतच फाटायची आणि तव्यावर तुकड्यांनीच जायची. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडं पीठ, वाटत. आई तिच्या वाटणीची सुकडी पदराच्या टोकाला गाठ मारून आणायची आणि आम्हा तिघा भावंडांच्या तळहातांवर ओतायची. धाकटी बहीण आधी तळहात चाटायची, मग ती पदराची गाठ तोंडात धरून बसायची.

ती मिलो अमेरिकेची होती. तिकडे ती जनावरांना घालतात हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खाताना त्याची लाज वाटायची. तरी ती आली, म्हणून आज तुम्हाला उत्तर द्यायला मी आहे. परक्या धान्याची चव मला तुमच्याकडून शिकायची नाही. हे जरा कडक वाटेल, पण तुमचं वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही.

आणि ते मिलोचे दिवस पाहिले म्हणूनच मी धान्याच्या पोत्यांवर लिहिलं नव्हतं, बियाण्यावर लिहिलं होतं. लेख तुम्ही अर्ध्यातच सोडलात असं दिसतं. तेव्हा पुन्हा सांगतो. आमची कणगी रिकामी झाली त्याच १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिकडे साहेलमध्येही तीच अवस्था होती, आणि पुढच्या वर्षी तिथल्या देशांनी दुष्काळाशी एकत्र लढण्यासाठी वागाडुगूमध्ये आपली आंतरराज्य समिती स्थापन केली. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या इनियादी नावाची बाजरी पेरत आले आहेत. ती लवकर येते, दाणा टपोरा असतो. तिच्यातून इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी निवड करत आयसीटीपी ८२०३ हे वाण काढलं आणि १९८८ मध्ये ते महाराष्ट्रात पेरणीसाठी आलं. त्याच्यातूनच पुढे जास्त लोह असलेली धनशक्ती निघाली, २०१२ मध्ये. टोगोच्या शेतकऱ्याने आपलं बी उरलंसुरलं म्हणून टाकलं नव्हतं, आणि आपणही ते पदर पसरून घेतलं नाही. माझ्या लेखी सहकार्य म्हणतात ते हे.

थोरल्या बहिणीच्या रानात हीच बाजरी असते. मळणीआधी दाजी रानात फिरून ठोसर, भरलेली कणसं वेगळी काढतात आणि आढ्याला टांगतात. तेच पुढच्या खरिपाचं बी. संकरित असती तर त्यांना दर मृगाला दुकानात जाऊन पिशवी विकत घ्यावी लागली असती. म्हणजे तुम्ही दाखवलेल्या चुकीने माझंच म्हणणं पक्कं होतं. हे तुमच्या ध्यानात यायला हवं होतं.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल फार लिहीत नाही. आयात धान्याने भाव पडतो, काही वेळा पडतो. लेखाचा विषय तो नव्हता. सोमालियाला इशारा मिळाला होता हे तुम्हीच म्हणता. इशारा देणं हेही सहकार्यच, तो ज्यांनी कानाआड केला त्यांना जाब विचारा. नायजरच्या सीमा लष्कराने सत्ता घेतल्यावर बंद झाल्या, ते राजकारण आहे आणि त्यात मी शिरत नाही.

‘कोरडवाहू’ हे नाव तुम्ही घेतलं आहे, तेव्हा तुमच्याही घरात ती लाल भाकरी खाल्लेलं कुणी म्हातारं माणूस असेल असं धरून चालतो. त्यांच्याशेजारी बसून एकदा विचारा. त्यांनी सांगितलेलं लिहून पाठवलंत तर ते इथे छापीन, माझ्या विरोधात असलं तरी. माझ्या आईच्या कणगीबद्दल मात्र पुन्हा एक अक्षर लिहू नका.