जिलाँगचे यश आणि अरुंद मैदानाची दंतकथा

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एक आरोप वर्षानुवर्षे फिरत आला आहे आणि जिलाँगचा संघ जिंकू लागला की त्याला दरवेळी नवी पालवी फुटते. आरोप थोडक्यात असा: जिलाँग कॅट्स हा क्लब गुणवत्तेपेक्षा आपल्या गावच्या मैदानावर जगतो, कार्डिनिया पार्क इतर मैदानांपेक्षा अरुंद असल्याने पाहुण्या संघांची तिथे फसगत होते, मेलबर्नच्या नऊ क्लबांना एकट्याच्या हक्काचे मैदान नसताना या एकालाच ते लाभले आहे, तेही सरकारी पैशाने, आणि समुद्राकाठच्या निवांत जगण्याच्या ओढीने चांगले खेळाडू तिथे कमी पैशांत येतात. म्हणून जिलाँगचे सगळे घरचे सामने मेलबर्नला हलवावेत, असा शेवट. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निट, विंडम व्हेल अशा वसाहतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या तर दारावरूनच जिलाँगची गाडी जाते, आणि मुले शाळेतून ज्या खेळाचे वेड घरी आणतात तो हाच. त्यामुळे हा आरोप आपल्या कानांवरही पडतो. त्यातील प्रत्येक मुद्दा स्वतंत्रपणे तपासण्यासारखा आहे, कारण त्यांतील काही निखालस चूक आहेत आणि एक-दोन अर्धवट खरे आहेत.

आधी थोडी ओळख. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये 18 क्लब आहेत, त्यांपैकी 10 व्हिक्टोरिया राज्यातील. त्या दहांतील नऊ मेलबर्नचे. दहावा जिलाँगचा, म्हणजे मेलबर्नपासून सुमारे 75 किलोमीटरवर असलेल्या, पावणेतीन लाखांच्या आसपास वस्तीच्या बंदराच्या शहराचा. क्लबची स्थापना 1859 ची, आणि 1941 पासून त्याचे घर कार्डिनिया पार्क. हा खेळ ज्यांना परका आहे त्यांनाही हे मैदान कदाचित आठवेल: 16 ऑक्टोबर 2022 रोजी टी-20 विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात नामिबियाने श्रीलंकेला 55 धावांनी हरवले, ते इथेच.

आता पहिला आणि सर्वांत लाडका मुद्दा, अरुंद मैदानाचा. मोजमाप खरे आहे. कार्डिनिया पार्क सुमारे 170 मीटर लांब आणि 115 मीटर रुंद आहे. मेलबर्न क्रिकेट ग्राऊंड, म्हणजे एमसीजी, त्याहून वीसपेक्षा अधिक मीटर रुंद. एवढ्या फरकाने खेळ बदलतो हेही खरे: कडेची मोकळी जागा कमी होते, चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवून बचाव ताणता येत नाही आणि बचाव करणाऱ्यांना कमी धावावे लागते. पण या खेळाचे नियमच मैदानाच्या रुंदीला 110 पासून 155 मीटरपर्यंत मोकळीक देतात. क्रिकेटच्या मैदानांतून वाढलेल्या या खेळात दोन मैदाने सारखी नसतात, आणि अॅडलेड ओव्हलही लांबट आणि तुलनेने अरुंदच आहे. त्याबद्दल मात्र अॅडलेडच्या दोन क्लबांवर लबाडीचा ठपका कोणी ठेवल्याचे ऐकिवात नाही.

त्याहून मोठी अडचण कालक्रमाची आहे. अरुंदपणा जर विजयाचे कारण असेल, तर ते कारण 1941 पासून जागच्या जागी आहे. जिलाँगने 1951, 1952 आणि 1963 मध्ये विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर तब्बल 44 वर्षे एकही नाही. या काळात संघ 1967, 1989, 1992, 1994 आणि 1995 असा पाच वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि पाचही वेळा हरला. त्या चार दशकांत मैदान काही रुंद झाले नव्हते. जे कारण 44 वर्षे परिणाम घडवत नाही आणि मग 2007 मध्ये अचानक घडवू लागते, त्याला कारण म्हणणे कठीण आहे.

2007 मध्ये खरोखर काय बदलले होते, हे लपून राहिलेले नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्लब कर्जात बुडालेला होता. फ्रँक कोस्टा अध्यक्ष आणि ब्रायन कुक मुख्य कार्यकारी म्हणून आले, मार्क थॉम्पसन यांच्याकडे 2000 पासून प्रशिक्षकपद गेले, आणि नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत क्लबने दोनदा असा हात मारला की तो आजही वाखाणला जातो: 1999 मध्ये जोएल कोरी, पॉल चॅपमन, कॅमरन लिंग, कोरी एनराइट, 2001 मध्ये जिमी बार्टेल, जेम्स केली, स्टीव्ह जॉन्सन आणि वडिलांच्या क्लबकडून खेळण्याच्या नियमाने आलेला गॅरी अॅब्लेट ज्युनियर. ही मुले पंचविशीत आली तेव्हा विजेतेपदे आली. 2007, 2009 आणि 2011 या तिन्ही विजयांमागे मुख्यतः हीच पिढी होती.

आरोप करणारे इथे त्यांचा सर्वांत वजनदार आकडा पुढे करतात: ऑगस्ट 2007 पासून ऑगस्ट 2011 पर्यंत जिलाँगने कार्डिनिया पार्कवर सलग 29 सामने जिंकले. आकडा बरोबर आहे. पण 2007 ते 2011 या पाच हंगामांत जिलाँगने एकूण 125 सामने खेळून 105 जिंकले, म्हणजे घरचे सगळे विजय वजा केले तरी साठहून अधिक विजय दुसऱ्यांच्या मैदानांवरचे उरतात. त्या काळात हा संघ सगळीकडेच जिंकत होता. घरी थोडा अधिक, जसा प्रत्येक चांगला संघ जिंकतो.

त्या विजयमालिकेची दोन टोके तर आरोपाच्या अगदी उलट बोलतात. मालिका सुरू होण्याआधी, ऑगस्ट 2007 मध्ये, पोर्ट अॅडलेडने याच अरुंद मैदानावर येऊन जिलाँगला पाच गुणांनी हरवले. सुमारे महिन्याभराने त्याच पोर्ट अॅडलेडला जिलाँगने रुंद एमसीजीवर, अंतिम सामन्यात, 119 गुणांनी झोडपले. लीगच्या इतिहासात अंतिम सामन्यातला एवढा फरक दुसरा नाही. मालिका संपली ती ऑगस्ट 2011 मध्ये सिडनीने इथे येऊन विजय मिळवला तेव्हा, आणि पुढच्याच आठवड्यात जिलाँगने एमसीजीवर मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबला 96 गुणांनी हरवले. अरुंद मैदानावर हरून रुंद मैदानावर धुव्वा उडवणाऱ्या संघाला अरुंद मैदानाचे अपत्य कसे म्हणायचे, हे आरोप करणाऱ्यांनीच सांगावे.

गंमत अशी की मधल्या दहा वर्षांत नेमका उलटा सूर लावला जात होता. 2012 ते 2021 या काळात जिलाँग साखळीत वर राहायचा आणि बाद फेरीत कोसळायचा. 2013, 2016, 2017, 2019 आणि 2021 मध्ये तो अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर हरला आणि 2020 चा अंतिम सामनाही गमावला. तेव्हा सांगितले जायचे की अरुंद मैदानाची सवय लागल्याने या संघाचा खेळ एमसीजीच्या विस्तारात चालत नाही. 2022 मध्ये त्याच एमसीजीवर सिडनीला 81 गुणांनी हरवून विजेतेपद मिळाले आणि मैदान पुन्हा वरदान ठरले. हरल्यावर शाप आणि जिंकल्यावर वरदान असा ज्याचा अर्थ लावता येतो, तो पुरावा कोणत्याही बाजूचा नसतो.

दुसरा मुद्दा: इतरांना नसलेले मैदान एकट्या जिलाँगला आहे. यातले ‘इतर’ म्हणजे कोण, ते नीट पाहावे लागेल. मेलबर्नचे नऊ क्लब एमसीजी आणि डॉकलँड्स ही दोन मैदाने वाटून घेतात, हे खरे. पण पर्थ, अॅडलेड, ब्रिस्बेन, सिडनी येथील क्लबांना आपापल्या शहरातले मैदान आहेच, आणि मेलबर्नचा संघ तिथे जातो तेव्हा विमानाने जातो. जिलाँगला जायला गाडीने तासभर लागतो आणि साउथ जिलाँग स्टेशनवरून चालत मैदान गाठता येते. म्हणजे जिलाँगची स्थिती लीगमध्ये अपवादात्मक नाही. ती फक्त व्हिक्टोरियात वेगळी दिसते. अपवादात्मक काही असेल तर मेलबर्नच्या क्लबांची परिस्थिती, की त्यांचे कित्येक ‘बाहेरचे’ सामनेही त्यांच्या स्वतःच्याच मैदानावर होतात. रिचमंड आणि कॉलिंगवूड यांचा सामना एमसीजीवर असेल तर पाहुणा कोण, हे कागदावर पाहूनच कळते.

हंगामातल्या घरच्या सामन्यांपैकी सगळे कार्डिनिया पार्कवर होतात हा समजही चुकीचा आहे. मोठ्या गर्दीचे काही सामने जिलाँग ‘घरचे’ म्हणून मेलबर्नमध्ये खेळतो. म्हणूनच कॉलिंगवूड 1999 मध्ये कार्डिनिया पार्कवर येऊन गेला आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ फिरकला नाही.

आणि बाद फेरीत तर घरचे मैदान म्हणून जवळजवळ काही उरत नाही. साखळीत वरचे स्थान मिळवणाऱ्या संघाने बाद फेरीचा पहिला सामना घरी खेळायचा हा या लीगचा संकेत आहे. अॅडलेड किंवा पर्थच्या संघाला तो हक्क खरोखर मिळतो. जिलाँगला तो कार्डिनिया पार्कवर पहिल्यांदा मिळाला 7 सप्टेंबर 2013 रोजी, क्लब तिथे आल्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी, आणि त्या सामन्यात फ्रीमँटलने पर्थहून येऊन 15 गुणांनी विजय मिळवला. अभेद्य म्हणवणाऱ्या मैदानावरचा पहिलाच बाद फेरीचा सामना पाहुण्यांनी जिंकला, हे आरोपात कधी येत नाही. 2017 मध्ये जिलाँग साखळीत दुसरा होता आणि रिचमंड तिसरा. सामना झाला एमसीजीवर, म्हणजे रिचमंडच्या घरी, आणि जिलाँग 51 गुणांनी हरला. 2019 मध्ये जिलाँग पहिला होता, कॉलिंगवूड चौथा. सामना पुन्हा एमसीजीवर, म्हणजे कॉलिंगवूडच्या घरी, आणि जिलाँग 10 गुणांनी हरला. मैदानाच्या फायद्याचा हिशेब मांडायचाच असेल, तर ही खर्चाची बाजू वगळून चालणार नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि इथे आरोप करणाऱ्यांच्या बाजूला काही वजन आहे. कार्डिनिया पार्कची पुनर्बांधणी टप्प्याटप्प्याने झाली आणि तिच्यात सार्वजनिक पैसा मोठ्या प्रमाणात ओतला गेला. क्लबचा माजी कर्णधार जोएल सेलवूड याच्या नावाच्या स्टँडसह झालेला पाचवा टप्पाच 14 कोटी 20 लाख डॉलरचा होता. त्याने प्रेक्षकक्षमता सुमारे 40,000 झाली. जिलाँगच्या आसपासचे काही मतदारसंघ चुरशीचे आहेत आणि स्टेडियमची आश्वासने निवडणुकीच्या तोंडावर दिली गेली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला हा पैसा रुग्णालयावर किंवा रेल्वेवर खर्च व्हायला हवा होता असे वाटते, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. अॅल्युमिनियमचा कारखाना 2014 मध्ये आणि फोर्डचा 2016 मध्ये बंद पडल्यावर शहराला स्टेडियमने तारले, असा उलटा दावाही काही जण करतात. तोही मला पटत नाही. वर्षातले मोजके सामने म्हणजे कारखान्याची पाळी नव्हे.

पण प्रश्न ‘एकट्या जिलाँगला’ या शब्दांचा आहे. स्टेडियम क्लबच्या मालकीचे नाही. 2016 पासून ते राज्याने कायद्याने स्थापन केलेल्या विश्वस्त मंडळाकडे आहे. पर्थचे नवे स्टेडियम राज्य सरकारनेच बांधले आणि 2018 मध्ये खुले केले. अॅडलेड ओव्हलच्या पुनर्बांधणीला तिथल्या सरकारने पन्नास कोटी डॉलरहून अधिक दिले. खुद्द मेलबर्नमध्ये डॉकलँड्सचे स्टेडियम 2016 पासून लीगच्याच मालकीचे आहे, आणि तरी त्याच्या नूतनीकरणासाठी व्हिक्टोरिया सरकारने 2018 मध्ये साडेबावीस कोटी डॉलर कबूल केले. या पैशाबद्दल तक्रार करायची तर ती सगळ्या लीगबद्दल करावी लागेल. हॉथॉर्नसारखा मेलबर्नचा क्लब टास्मानियाच्या लॉन्सेस्टन शहरात दरवर्षी काही ‘घरचे’ सामने खेळत आला आहे, आणि त्यासाठी टास्मानियाच्या सरकारने त्याला प्रायोजक म्हणून पैसे दिले आहेत. तिथे तर सार्वजनिक पैसा थेट क्लबच्या खात्यात जातो.

समुद्रकिनारा आणि निवांत जगणे या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पॅट्रिक डेंजरफील्ड अॅडलेडहून जिलाँगला आला हे खरे, पण तो मुळात जिलाँगजवळच्या किनाऱ्यावरच्या मॉग्ज क्रीकचा. माणूस घरी परतला, एवढेच. दुसऱ्या क्लबमधून आलेल्या जेरेमी कॅमरनला शेती आणि मोकळी जमीन आवडते हेही खरे. मात्र याच किनाऱ्यावरून गॅरी अॅब्लेट ज्युनियर 2010 च्या हंगामानंतर मोठ्या कराराने गोल्ड कोस्टला गेला आणि टिम केली 2019 नंतर पर्थला. समुद्र तेव्हाही तिथेच होता.

उरतो शेवटचा निष्कर्ष, की न्यायासाठी जिलाँगचे सगळे सामने मेलबर्नला हलवावेत. न्यायाचा विचार करायचा तर तो उलट दिशेला जातो: कॉलिंगवूडला दर एक-दोन वर्षांनी साउथ जिलाँगची गाडी पकडायला लावावी आणि साखळीत वर राहिलेल्या जिलाँगला बाद फेरीचा सामना त्याच्या घरी द्यावा. तसे होत नाही याचे कारण मैदानाची रुंदी नसून स्टँडमधल्या खुर्च्या आहेत. 2022 मध्ये जिलाँग-कॉलिंगवूड बाद फेरीचा सामना एमसीजीवर नव्वद हजारांहून अधिक लोकांनी पाहिला. कार्डिनिया पार्कमध्ये त्यांतले निम्मेही मावले नसते.